सहा मिनिटं, पण कुणाच्या पायांनी? सिॲटलमध्ये आई-बाबांसाठी ॲक्सेसमॅप आणि वनबसअवे

जून उजाडला की सिॲटल, बेल्व्ह्यू, रेडमंडच्या मराठी घरांत आई-बाबांचा मोसम सुरू होतो. पाऊस थांबलेला, रात्री नऊपर्यंत उजेड, रेनियर पर्वत स्पष्ट दिसतोय. फिरायला याहून चांगले दिवस नाहीत. अडचण एकच आहे, आणि ती पहिल्याच फेरीत समोर येते: हे शहर चढणीवर वसलेलं आहे. फोनवरचा नकाशा ‘चालत 6 मिनिटं’ असं सांगतो. ती सहा मिनिटं तिशीतल्या धडधाकट माणसाची असतात. संधिवाताने गुडघे धरलेल्या आईसाठी किंवा काठी टेकत चालणाऱ्या बाबांसाठी त्याच वाटेला वीस मिनिटं लागतात, किंवा ती वाट नसतेच.

या प्रश्नावर युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनच्या संशोधनातून आलेल्या दोन सेवा मोफत वापरता येतात. ॲक्सेसमॅप पायी वाट शोधून देतं, वनबसअवे बस कधी येणार ते सांगतं. दोन्हींसाठी खातं लागत नाही, अमेरिकन फोन नंबर लागत नाही. भारतातून आलेल्या माणसाच्या फोनवर नुसतं वाय-फाय असलं तरी घरून निघण्याआधीचं सगळं नियोजन होतं.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. ॲक्सेसमॅप हे या शहरात म्हाताऱ्या माणसांना घेऊन फिरणाऱ्या प्रत्येकाने शिकून घ्यावं असं साधन आहे, मात्र त्याची प्रोफाइलं आहेत तशी वापरू नयेत. वनबसअवे उत्तम आहे, मात्र त्यातले रंग समजून घेतल्याशिवाय त्यावर विसंबू नये.

ॲक्सेसमॅपची सुरुवात 2015 साली सिॲटल शहराने भरवलेल्या ‘हॅक द कम्यूट’ या स्पर्धेतून झाली. पुढे विद्यापीठाच्या टास्कर सेंटर फॉर ॲक्सेसिबल टेक्नॉलॉजीने ते वाढवलं. अनत कास्पी या केंद्राच्या संचालक. त्यांच्या कामाचा पाया एका साध्या निरीक्षणावर आहे: नकाशे रस्त्याचे असतात, फूटपाथचे नसतात. नेहमीच्या नकाशात रस्ता म्हणजे एक रेघ, आणि चालणारा माणूस त्या रेघेवरून जातो असं मानलं जातं. प्रत्यक्षात रस्त्याला दोन बाजू असतात. एका बाजूला फूटपाथ असतो, दुसरीकडे नसतो. एका कोपऱ्यावर कडेला उतार करून दिलेला असतो, समोरच्या कोपऱ्यावर सहा इंचांची उभी कड असते. म्हणून इथे प्रत्येक फूटपाथ आणि प्रत्येक क्रॉसिंग ही स्वतंत्र रेघ आहे. प्रत्येक रेघेला तिचा चढ आहे, आणि क्रॉसिंगला दोन्ही टोकांना उतार आहे की नाही याची नोंद आहे.

साइट ब्राउझरमध्ये उघडली की नकाशा दिसतो. आत झूम करत गेलं की फूटपाथ रंगीत होतात. हिरवा म्हणजे सपाट, पिवळा म्हणजे जाणवेल इतका चढ, लाल म्हणजे तुम्ही दिलेल्या मर्यादेच्या जवळ. मर्यादेपलीकडचे फूटपाथ लाल तुटक रेघेने येतात. एखाद्या फूटपाथवर टिचकी मारली की त्याचा चढ टक्क्यांत कळतो. फिरायला निघण्याआधी नुसतं हे रंग बघत बसणंसुद्धा उपयोगाचं आहे. डाउनटाउनवर नजर टाकली तर लगेच दिसतं की ॲव्हेन्यू, म्हणजे पाण्याला समांतर जाणारे रस्ते, बहुतेक हिरवे आहेत. मॅडिसन, मॅरियन, कोलंबिया, जेम्स हे पाण्याकडून वर चढणारे रस्ते लाल आहेत. निम्मं शहाणपण या एका चित्रात आहे: लांब अंतर ॲव्हेन्यूवरून कापा, आणि वर चढायचं काम पायांऐवजी लिफ्टवर किंवा बसवर सोपवा.

आता प्रोफाइलं. तयार प्रोफाइलं तीन: हाताने ढकलायची व्हीलचेअर, विजेवरची व्हीलचेअर आणि काठी. शिवाय स्वतःच्या मर्यादा ठरवता येतील असं एक कस्टम. कस्टममध्ये चढाची जास्तीत जास्त मर्यादा, उताराची जास्तीत जास्त मर्यादा आणि उंच कडा टाळायच्या की नाही, हे ठरवता येतं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. हाताने ढकलायच्या खुर्चीच्या प्रोफाइलमध्ये चढाची मर्यादा 8 टक्क्यांच्या आसपास आहे. अमेरिकेच्या अपंगत्वविषयक कायद्यात रॅम्पसाठी 12 ला 1 हे प्रमाण आहे, म्हणजे 8.33 टक्के. मर्यादा त्याला धरूनच आहे. उताराची मर्यादा त्याहून थोडी जास्त ठेवलेली आहे. चाकाच्या खुर्चीसाठी ते बरोबर आहे, कारण चढताना ताकद लागते आणि उतरताना ब्रेक हाताशी असतो. दुखऱ्या गुडघ्यांचा हिशेब मात्र उलटा असतो. चढताना दम लागतो, थांबलं की तो ओसरतो. उतरताना प्रत्येक पावलाला शरीराचं वजन वाकलेल्या गुडघ्यावर येतं, आणि घसरण्याची भीती वेगळी. म्हणून आईचे गुडघे दुखत असतील तर काठीचं किंवा खुर्चीचं प्रोफाइल घेऊ नका. कस्टममध्ये जा, चढ 7-8 टक्क्यांवर ठेवा आणि उतार 5 टक्क्यांवर आणा. दुखणं हृदयाचं किंवा दम्याचं असेल तर नेमकं उलट करा: चढ 4-5, उतार 8.

टक्के डोळ्यांसमोर येत नसतील तर असं मोजा. 100 मीटर लांबीच्या फूटपाथला 8 टक्के चढ असेल तर शेवटी तुम्ही 8 मीटर वर पोचता, म्हणजे साधारण अडीच मजले. पुण्यातल्या बिनलिफ्टच्या इमारतीत अडीच मजले चढून जाणं आईला जमतं का? एका दमात की मध्ये थांबून? त्या उत्तरावरून मर्यादा ठरवा. एकच आकडा पकडून बसू नका. पहिल्या फेरीनंतर विचारा, एक-दोन टक्के इकडे-तिकडे करा.

मर्यादा फार घट्ट केल्या की वाट सापडत नाही असा संदेश येतो. हा बिघाड नव्हे. तेवढ्या सपाट वाटेने तिथे जाताच येत नाही, हेच ते सांगत असतं. अशा वेळी मर्यादा एकेक टक्क्याने सैल करा आणि वाट कुठे उघडते ते बघा. जिथे उघडते तिथला तो एक लाल तुकडा म्हणजे तुमची खरी अडचण. तेवढ्याच तुकड्यासाठी टॅक्सी, बस किंवा लिफ्ट बघायची.

कडा टाळण्याचा पर्याय काठीवाल्यांसाठीही सुरू ठेवा. पाय उचलून सहा इंच खाली ठेवणं एकदा जमतं, दहा क्रॉसिंगला वीस वेळा जमत नाही. तो सुरू केला की वाट थोडी लांबते, कधी रस्ता विनाकारण दोनदा ओलांडायला लावते असं वाटतं. विनाकारण नसतं, त्या बाजूच्या कोपऱ्यावर उतार नसतो.

आता ॲक्सेसमॅपच्या उणिवा, आणि त्या लहान नाहीत.

पहिली म्हणजे फूटपाथचा आडवा कल. पुढे-मागे सपाट असलेला फूटपाथ रस्त्याच्या बाजूला कललेला असू शकतो. नियमाने हा कल 48 ला 1, म्हणजे 2 टक्क्यांच्या आसपासच असायला हवा, पण जुन्या गल्ल्यांत, विशेषतः गॅरेजच्या तोंडाशी, तो कितीतरी जास्त असतो. व्हीलचेअर अशा ठिकाणी सतत एका बाजूला ओढली जाते, काठीवाल्याचा एक पाय सतत खाली पडतो. हा कल टाळायचा पर्याय प्रोफाइलमध्ये नाही.

दुसरी, झाडांची मुळं. सिॲटलच्या जुन्या वस्त्यांत मोठ्या झाडांनी काँक्रीटच्या लाद्या उचललेल्या आहेत. काही ठिकाणी शहराने कड घासून दिली आहे किंवा डांबराची पाचर भरली आहे, काही ठिकाणी दोन-तीन इंचांची ठेच तशीच उभी आहे. नकाशावर तो तुकडा हिरवागार दिसतो. पडण्याचा धोका चढापेक्षा या ठेचेत जास्त आहे, विशेषतः चपला-सँडलमध्ये.

इथे याच विद्यापीठाचा तिसरा प्रकल्प मदतीला येतो: प्रोजेक्ट साइडवॉक. जॉन फ्रोएलिख यांच्या गटाने तो मेरीलँड विद्यापीठात सुरू केला आणि नंतर सिॲटलला आणला. त्यात लोक रस्त्याची छायाचित्रं घरबसल्या बघून खुणा करतात: कोपऱ्याला उतार आहे, उतार नाही, अडथळा आहे, पृष्ठभाग खराब आहे, फूटपाथच नाही. प्रत्येक खुणेला त्रास किती त्याची श्रेणी असते. वाट शोधण्यासाठी तो सोयीचा नाही, पण ॲक्सेसमॅपने दिलेली वाट त्यावर एकदा ताडून बघितली की मुळांच्या ठेचा बऱ्याच कळतात. फक्त छायाचित्र जुनं असू शकतं, हे ध्यानात ठेवा.

तिसरी मर्यादा शहराचीच आहे. उत्तरेला 85 व्या रस्त्यापलीकडचा मोठा भाग 1954 साली सिॲटलमध्ये सामील झाला, तेव्हा तिथे बहुतेक ठिकाणी फूटपाथ नव्हते. आजही अनेक गल्ल्यांत नाहीत. तिथे नकाशावर रंगीत रेघा विरळ होत जातात. ग्रीनवुड किंवा बिटर लेककडे कुणाकडे जेवायला जायचं असेल तर बसस्टॉपपासून घरापर्यंतचा शेवटचा तुकडा आधी तपासा. रात्री अंधारात, गाड्यांच्या बाजूने, खडीवरून चालावं लागू शकतं.

ॲक्सेसमॅप बस दाखवत नाही. स्टॉपपासून पुढचं ते बघतं, स्टॉपवर कधी पोचायचं हे सांगत नाही. त्यासाठी वनबसअवे.

हे 2008 साली विद्यापीठात सुरू झालं. ब्रायन फेरिस हा संगणकशास्त्राचा पीएचडीचा विद्यार्थी, सोबत वाहतूक अभियांत्रिकीतल्या कारी वॉटकिन्स आणि प्राध्यापक ॲलन बॉर्निंग. कोड सुरुवातीपासून खुला ठेवल्यामुळे तो इतर शहरांनीही घेतला; न्यूयॉर्कची बसवेळ सांगणारी यंत्रणा याच पायावर उभी राहिली. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात एक गोष्ट मोजून दाखवली आहे. ज्यांच्याकडे बसची ताजी वेळ नसते त्यांना प्रत्यक्षापेक्षा जास्त वेळ थांबल्यासारखं वाटतं. ज्यांच्याकडे असते त्यांना तसं वाटत नाही, आणि ते प्रत्यक्षातही जवळपास दोन मिनिटं कमी थांबतात. तरुणाला दोन मिनिटं किरकोळ वाटतील. ज्या स्टॉपवर बाक नाही तिथे उभं राहायचं असेल, तर गुडघ्यांसाठी ती किरकोळ नाहीत. घरातच खुर्चीवर बसून ‘अजून 9 मिनिटं’ बघता येणं, हा या ॲपचा म्हाताऱ्यांसाठी सर्वात मोठा फायदा.

आता रंग. वेळेवर असलेली बस हिरवी, उशिराची निळी, वेळेआधी येणारी लाल. नवख्या माणसाला उशीर लाल असावा असं वाटतं आणि तिथेच फसगत होते. उशिरा येणारी बस तुम्हाला सोडून जात नाही, वेळेआधी येणारी जाते, म्हणून लाल तिला. लाल दिसलं की आई-बाबांना लगेच बाहेर काढा. चौथा प्रकार राखाडी किंवा काळा: बसचा प्रत्यक्ष ठावठिकाणा मिळालेला नाही, फक्त वेळापत्रकातली वेळ दाखवलेली आहे. म्हणजे ती बस रस्त्यावर आहे याची खात्री नाही. रद्द झालेली फेरीसुद्धा कधीकधी अशीच दिसत राहते आणि शून्य मिनिटांवर येऊन गायब होते. दोन राखाडी आकडे लागोपाठ दिसले तर म्हाताऱ्या माणसांना स्टॉपवर उभं करू नका, दुसरा मार्ग बघा.

मार्गाच्या पहिल्या एक-दोन स्टॉपांवर अंदाज सर्वात कच्चा असतो. बस टोकाला विश्रांतीला उभी असते, ती नेमकी कधी सुटेल हे तिच्या जागेवरून कळत नाही. टोकाच्या स्टॉपवर वेळापत्रकच धरा आणि पाच मिनिटं आधी पोचा. उन्हाळ्यात मिरवणुका, सामने आणि रस्त्यांची कामं यांमुळे बस दुसऱ्या रस्त्याने वळवतात, तरी जुना स्टॉप यादीत दिसत राहतो. स्टॉपच्या पानावर वर सूचना असेल तर ती आधी उघडून वाचा.

स्टॉप वेळ काढून एकदाच जतन करा. किंग काउंटी मेट्रो या इथल्या बससेवेच्या प्रत्येक स्टॉपच्या खांबावर त्याचा क्रमांक असतो आणि ॲपमध्ये तो टाकून शोधता येतो. रस्त्याच्या दोन बाजूंच्या स्टॉपांची नावं जवळपास सारखी असतात, क्रमांक वेगळे असतात. जाण्याचा आणि येण्याचा, दोन्ही क्रमांक तपासून जतन करा, आणि नाव बदलून ‘घराकडे’, ‘देवळाकडे’ असं सरळ मराठीत ठेवा. आई-बाबा एकटे निघणार असतील तर हेच दोन क्रमांक कागदावर मोठ्या अक्षरात लिहून खिशात द्या; फोन बंद पडला तरी रस्त्यातल्या कुणालाही तो आकडा दाखवता येतो.

स्टॉप निवडताना दोन्ही सेवा शेजारी ठेवा. सर्वात जवळचा स्टॉप सर्वात सोपा असेलच असं नाही. टेकडीवरच्या घराला एक स्टॉप खाली असतो, एक वर. नकाशा जवळचा दाखवेल. गुडघेदुखी असेल तर जाताना खालच्या स्टॉपवर उतरून वर चढा, परतताना वरच्या स्टॉपवरून बस धरा, म्हणजे दोन्ही वेळा उतरणं टळतं. दम लागत असेल तर याच्या उलट. यासाठी एक-दोन स्टॉप पुढे जावं लागलं तरी हरकत नाही. ओर्का या भाड्याच्या कार्डवर पहिल्या टॅपपासून दोन तास बदलून बस घेता येते.

डाउनटाउनची एक फेरी नमुन्यादाखल. फेरीबोटीतून कोलमन डॉक या धक्क्यावर उतरलात तर जिने उतरून रस्त्यावर येऊ नका. धक्क्याच्या वरच्या मजल्यावरून मॅरियन रस्त्याचा पादचारी पूल थेट फर्स्ट ॲव्हेन्यूला जातो. तिथे चढ पुलानेच कापलेला असतो. पाइक प्लेस मार्केटला जायचं असेल तर दुसरा पर्याय पाण्याकाठचा: किलोमीटरभर सपाट चाला आणि ऑक्टोबर 2024 मध्ये खुल्या झालेल्या ओव्हरलुक वॉकच्या लिफ्टने वर जा. मोठ्या पायऱ्या बघून घाबरू नका, लिफ्ट बाजूला आहे. मॅडिसनच्या चढावर पायी जाऊच नका. सप्टेंबर 2024 पासून तिथे रॅपिडराइड या जलद बससेवेची ‘G’ लाइन धावते. तिचे फलाट उंच आहेत, त्यामुळे बसमध्ये जवळपास सरळ पाऊल टाकता येतं. तिच्या बसला दारं दोन्ही बाजूंना आहेत, म्हणून फलाट रस्त्याच्या मध्यावरही असू शकतो. कुठल्या बाजूला उभं राहायचं ते पाटीवर बघून घ्या. सेंट्रल लायब्ररीचं एक दार फोर्थ ॲव्हेन्यूला आणि दुसरं त्याहून वर फिफ्थला. आत लिफ्ट आहे. लायब्ररी उघडी असेल तेव्हा तो सगळा चढ फुकट वाचतो, आणि मध्ये बसायला खुर्च्या, स्वच्छतागृह दोन्ही मिळतं.

लाइट रेलच्या भुयारी स्थानकांत लिफ्टच सर्वात महत्त्वाची. वेस्टलेक, सिंफनी, पायोनियर स्क्वेअर या स्थानकांकडे निघण्याआधी लाइट रेल चालवणाऱ्या साउंड ट्रान्झिटच्या सूचनांमध्ये लिफ्ट बंद आहे का ते बघा. सिंफनी स्थानकाचं नाव ऑगस्ट 2024 पर्यंत युनिव्हर्सिटी स्ट्रीट होतं, आणि जुनी माहिती वाचून निघालेले पाहुणे ते स्थानक विद्यापीठाजवळ शोधतात. विद्यापीठाकडे जायचं तर पुढे युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टन (यू-डब्ल्यू) किंवा यू डिस्ट्रिक्ट या स्थानकावर उतरा.

भाड्याचं थोडक्यात: 65 वर्षं पूर्ण झालेल्यांना सवलतीचं ओर्का कार्ड मिळतं, वयाच्या पुराव्याला पासपोर्ट न्या. त्या कार्डावर बसची फेरी एक डॉलरला पडते. तीन महिने राहणार असाल तर पहिल्याच आठवड्यात हे काम उरका.

एक गोष्ट ना ॲप सांगतं ना नकाशा. मेट्रोच्या बसचा रॅम्प फक्त व्हीलचेअरसाठी नाही. काठी असो, गुडघे दुखत असोत, कुणीही ड्रायव्हरकडे रॅम्प मागू शकतं किंवा बस खाली झुकवायला सांगू शकतं, आणि कारण सांगावं लागत नाही. आपल्या आई-बाबांना हे मागायला संकोच वाटतो. आधीच एक इंग्रजी वाक्य शिकवून ठेवा: ‘रॅम्प, प्लीज’. पुढच्या दाराशी उभं राहायचं, ड्रायव्हरकडे बघून म्हणायचं, आणि रॅम्प पूर्ण टेकेपर्यंत पाऊल उचलायचं नाही.

वाटेत मुळांनी उचललेली लादी सापडली तर शहराच्या ‘फाइंड इट, फिक्स इट’ ॲपवर कळवा. पत्ता नेमका द्या आणि दोन फोटो जोडा, एक लांबून आणि एक जवळून. जवळच्या फोटोत कड किती वर आली आहे ते दिसावं म्हणून तिच्या शेजारी काठीचं टोक टेकवून ठेवा.